मुनशी मास्तरांचा लाडका कर्ता

मुनशी मास्तर वर्गात आले की आधी मुलांवरून सावकाश नजर फिरवीत. नव्या मुलाला वाटे, हजेरी घेताहेत. ते उदाहरण शोधत असत.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेत संस्कृत न झेपणारी मुलं फारसी घेत, आणि तिथे हे गृहस्थ त्यांची वाट पाहत बसलेले. मला ते कधीच आवडले नाहीत. फारसी मात्र त्यांनी सोपी करून टाकली, हे नाकारता येत नाही. "मराठीवानीच आहे गा! पहिले कर्ता, शेवटी क्रियापद. मधात काय घालाचं ते तुह्या बापाले विचार!" असं म्हणून ते फळ्यावर 'अस्त' लिहीत. अस्त म्हणजे आहे. मग वाक्याला कर्ता लागे, आणि तो नेमका गरिबाघरचा निघे. वकिलांची मुलं त्यांच्या व्याकरणात कधी आली नाहीत.

उमरेडच्या कोष्ट्याचा धोंडबा हा त्यांचा लाडका कर्ता. फारसी शिकून पोरगा कचेरीत कारकून होईल, या आशेवर बापाने त्याला नागपुरात ठेवलेलं. एकदा बाप भेटायला आला, तेव्हा आम्ही एका सुरात घोकत होतो, "धोंडबा अब्लह अस्त." धोंडबा मूर्ख आहे. अख्खा वर्ग आपल्या पोराचं नाव घेतोय, हे पाहून म्हातारा दारातच हरखला.

"काय म्हणून राहिले जी हे पोट्टे?"

धोंडबाने मान खाली घातली. मास्तर गालात हसले. "तुमचा धोंडबा लय हुशार आहे, असं म्हणून राहिले."

म्हाताऱ्याने स्वतः विणलेलं रेशीमकाठी धोतर त्यांच्या पायाशी ठेवलं. या निर्लज्ज माणसाने ते घेतलं, आणि चार दिवसांनी नेसून वर्गात आला! त्याच दिवशी धोंडबाने शाळा सोडली.

मास्तर वारले तेव्हा शोकसभेत त्यांच्या विद्वत्तेचे गोडवे गायले गेले म्हणे. मी गेलो नाही.

पुढे कामानिमित्त उमरेडला गेलो, तेव्हा धोंडबाच्या घरी डोकावलो. तो मागावर बसला होता. म्हाताऱ्याने नातवंडं गोळा केली आणि ताठ बसून म्हटलं, "धोंडबा अब्लह अस्त! सारा वर्ग म्हणे. तुम्ही तं त्याच वर्गातले, सांगा या लेकराइले याचा अर्थ."

माग थांबला. धोंडबा माझ्याकडे पाहत राहिला. मुनशी मास्तरांची इतकी चीड मला शाळेतही आली नव्हती. त्यांनी मारलेली थाप आता मला मारावी लागत होती.

"तुमचा बाप," मी पोरांना म्हणालो, "आमच्यात सगळ्यांत हुशार होता."