युगोस्लाव्हियातलं द्राक्षासव

“तुमच्या मुलांनी नाकं का दाबली आहेत?” मिलेनाने मला इंग्रजीत विचारलं.

मिलेना आमची दुभाषी. आम्ही युगोस्लाव्हियात, एका सहकारी द्राक्षमळ्याच्या तळघरात उभे होतो. समोर माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं. पिंपांपुढे ओळीने आमच्या मेहकरकडच्या कृषी विद्यालयाची पोरं. प्रत्येकाच्या एका हातात काचेचा पेला आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत स्वतःचं नाक. पेल्यात तिथली सगळ्यात जुनी वाइन.

उत्तर मला पक्कं ठाऊक होतं. देण्यासारखं नव्हतं, एवढीच अडचण.

मी विद्यालयात फळबाग शिकवायचो. फळबाग म्हणजे संत्रं, लिंबू, पेरू. द्राक्षं मी आजाऱ्याला भेटायला जाताना विकत घ्यायचो, तेवढाच त्यातला अनुभव. पण परदेशच्या स्टडी टूरचं निमंत्रण आलं तेव्हा इंग्रजी बरं बोलतो म्हणून पोरांबरोबर मलाच धाडलं. राज्यात तेव्हा दारूबंदी कडक होती. निघण्याआधी प्रिन्सिपॉलसाहेबांनी पोरांना एकेक करून आईची शपथ घ्यायला लावली. मग मला बाजूला घेतलं.

“मास्तर, एकही पोरगा दारूला शिवला, तर तुम्ही परत येऊ नका. तिकडेच राहा.”

“आणि माझी नोकरी?”

“तीही तिकडेच पाहा.”

आता खरी गोष्ट. त्या मळ्याच्या कारखान्यात वाइनशिवाय फळांचे रस निघत, टमाटे डब्यात भरले जात. आमच्यातल्या एका मुलाला वर्षभर ठेवून घेऊन ते सगळं काम शिकवायची त्यांची तयारी होती. वसंताचा त्या जागेवर जीव होता. वसंता जानेफळचा, घरी भाजीचा मळा. टमाट्याचा बहर आला की मेहकरच्या बाजारात दुपारनंतर कोणी विचारत नसे, टोपल्या गायींपुढे ओताव्या लागत. हे त्याला थांबवायचं होतं. जागा मिळाली नाही तर चिखलीला मामाच्या दुकानात कापड फाडायचं, हे घरी ठरून गेलेलं.

मुलगा निवडणार होते तळघराचे प्रमुख. पांढऱ्या मिशांचे म्हातारे गृहस्थ. हसणं त्यांच्या कामात बसत नसावं. मार्कशीट त्यांनी पाहिलीच नाही. “माझी वाइन चाखताना मला माणूस कळतो,” ते म्हणाले. थोडक्यात, न चाखणाऱ्याला जागा नाही.

वसंता पायऱ्यांवरच थांबला. “सर, मले नाही जमनार. मायची शपथ हाय.”

“आणि मामाचं दुकान?”

“तेच त दिसून राह्यलं डोयापुढं.”

तिथे मला अक्कल सुचली. वाइन म्हणजे काय? द्राक्षं आंबवून केलेली वस्तू. आणि आपलं द्राक्षासव? तेही तेच. पण ते औषध. वैद्याकडे उघड मिळतं, भूक मंदावली की घरची मंडळीच पाजतात. शपथ दारूची होती, औषधाची नव्हती. मी पायरीवर उभा राहून जाहीर केलं, “पोरांनो, खाली जे देतील ते द्राक्षासव आहे.”

डोणगावचा गुलाब खाली वाकून पाहत होता. आमच्याकडे जमिनीत धान्य साठवायचं पेव असतं, तसंच त्याला ते वाटलं असावं. “सर, पेवंच्या पेवं भरून द्राक्षासव? काऊन? इतके लोक अपचनानं बेजार हायत का इथं?”

“आहेत,” मी म्हणालो.

“चाल बे वसंता,” गुलाब म्हणाला. “दवाच हाय.”

पोरं निश्चिंत उतरली. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आमच्याकडे औषध घ्यायची एक रीत आहे. नाक दाबायचं, डोळे मिटायचे, एका घोटात गिळायचं. लहानपणी मांडीवर आडवं पाडून हे इतक्यांदा झालेलं असतं की औषध म्हटलं की हात आपोआप नाकाकडे जातो. वाइन चाखण्याची रीत नेमकी उलटी. पेला हलवायचा, त्यात नाक घालायचं, आधी वास घ्यायचा. अर्धी चव वासातच असते.

तर मिलेना उत्तराची वाट पाहत होती आणि म्हातारा मिलेनाकडे पाहत होता.

“फार मानाची वस्तू असली की आमच्याकडे असंच करतात,” मी म्हणालो.

तिने ते म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने क्षणभर विचार केला. मग गंभीरपणे स्वतःचं नाक चिमटीत धरलं आणि आपला पेला रिकामा केला. त्याच्यामागे उभ्या कामगारांनीही केला. तळघरात मोकळं नाक माझं आणि मिलेनाचं, एवढंच.

मग म्हातारा वसंतापुढे आला. “कशी वाटली?”

वसंताच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. “चांगलं हाय. गुळाचा खडा भेटन का?”

हे मी गाळलं.

“आणखी काही?”

“भूक लागली, सर. लय कडकडून लागली.”

हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं. त्या दिवशीचं माझं एवढं एकच प्रामाणिक भाषांतर. म्हातारा चक्क हसला. म्हणाला, “पाहुणे येतात, विशेषणं लावतात. वाइनने जेवणाची आठवण यायला हवी, हे कुणाला कळत नाही.” त्याने पाव आणि चीज मागवलं. वसंताची जागा तिथेच पक्की झाली.

परत आल्यावर प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, “कुणी घेतली?”

“नाही. पोरं औषधावर होती.”

“काय झालं होतं?”

“भूक लागत नव्हती.”

वर्षाने वसंता आला. आज मेहकरच्या बाजारात त्याच्या टमाट्याच्या रसाच्या बाटल्या मिळतात आणि गायी दुसरीकडे चरतात.

एक सांगायचं राहिलं. पायऱ्या चढताना मिलेना म्हणाली, “तुमची मुलं सगळं प्यायली, आश्चर्य आहे. चाखणारे घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात. पिंपाजवळ बादली त्यासाठीच ठेवली होती. मला वाटलं, तुमच्याकडे थुंकणं वाईट समजत असतील.”

ज्या विद्येत आमच्या पोरांचा हात युरोपात कुणी धरला नसता, नेमकी तीच तिथे हवी होती. तेव्हापासून नवं काम अंगावर आलं की मी आधी विचारून घेतो, हे गिळायचं आहे की थुंकायचं.