डबीपुढं जोडलेले हात

फसवलं गेलं ते आमच्या गल्लीतल्या आप्पांना. निजामाचं राज्य जायच्या दोन वर्षं आधी, मार्गशीर्षातल्या दुसऱ्या बाजाराला, लोहाऱ्यात, भर दुपारी, सगळ्या बाजाराच्या डोळ्यांदेखत. त्या बघणाऱ्यांत मीही होतो. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं सावरासावर करायला जागा नको.

आप्पा तट्टावर हळद, मीठ, तंबाखू लादून माकणीपर्यंतची गावं फिरायचे. एकुलता एक मुलगा सोलापूरला गिरणीत होता. तो तापानं तिथंच गेला. आप्पा पोचले तोवर माती झालेली. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या हातावर ठेवून त्याच्यासोबत मातीत देतात. लिंगाची चांदीची डबी तेवढी घरी येते. ती आली नाही. खोलीमालकानं पोराची ट्रंक डबीसकट कुणाला तरी विकून टाकली होती.

वर्षभरानं ती डबी लोहाऱ्याच्या हर्राजात निघाली. हर्राजवाला बाजारादिवशी जुन्या चिजांचा लिलाव करायचा: तलवारी, पानदानं, बंद पडलेली घड्याळं. हैदराबादेकडचे शौकीन त्यासाठी मुक्काम करायचे. बोली लागायच्या आधी माल सतरंजीवर मांडला जाई आणि ज्याला घ्यायचं त्यानं तो बघून घ्यायचा. सराईत गिऱ्हाईक तेव्हा हव्या असलेल्या चिजेकडं बघतच नाही. शेजारच्या वस्तूकडं बघून नाक मुरडतं.

आप्पांना झाकणावरचा पोचा दिसला. मुलगा सहा वर्षांचा असताना विहिरीच्या पायरीवर पडला होता, तेव्हाचा. आप्पांनी वहाणा काढल्या, गुडघे टेकले, डबीला हात जोडले आणि कपाळ सतरंजीला लावलं. आमच्यातल्या कुणीही हेच केलं असतं. समोर लिंगाची डबी असताना भाव पाडायचं नाटक आम्हाला जमत नाही.

हर्राजवाल्यानं ते पाहिलं. पाहून तो हसला नाही, हे मला तेव्हा चांगुलपणाचं वाटलं.

“चार रुपये,” आप्पा म्हणाले.

“पाच.” मागून एक निळा फेटा बोलला. हा माणूस मी आधी पाहिलेला नव्हता.

आप्पा वाढवत गेले, फेटा एकेकानं वर जात राहिला. चांदीचं मोल केव्हाच मागं पडलं. एक शौकीन शेजारच्याला म्हणाला, “छोडो मियाँ, डिबिया में जान है क्या?” लोक खदखदले.

“आप्पा, बघा बरं का,” हर्राजवाला गोड आवाजात म्हणाला, “पाव्हणं नेत्याल अन् चुना ठिवत्याल हिच्यात.”

आप्पांचा चेहरा उतरला. तेवढ्यात मी ओरडलो, “हटायचं न्हाय आप्पा! बोला तुम्ही!”

त्या दिवसांत मी सरकारविरुद्धची पत्रकं लिहायचो, लपूनछपून वाटायचो. हटू नका, हे माझ्या प्रत्येक पत्रकाचं शेवटचं वाक्य. समोर काय चाललंय ते न बघता तेच वाक्य मी एका बापाच्या अंगावर फेकलं.

जवळचं सगळं संपल्यावर आप्पांनी तट्टू बोलीत घातलं. फेटेवाला लगेच मान खाली घालून बिडी शिलगावू लागला. एक बार, दो बार, तीन बार. काठी आपटली.

पुढच्या बाजारी मला तोच फेटा दिसला. या वेळी अत्तरदाणीवर बोलत होता आणि पुन्हा एकाच बोलीनं हरला. मी पानवाल्याला विचारलं.

“त्यो व्हय? हर्राजवाल्याचा दाजी की! लई बोलतो, घेत काय न्हाय.”

“आणि ती डबी कुणाची होती?”

“हर्राजवाल्याचीच. सोलापुरास्नं मोडीच्या भावात उचलून आणलेली.”

म्हणजे माल त्याचा, काठी त्याची, आणि समोर बोलणाराही त्याच्याच घरचा. मी रातोरात नव्हे, तिथंच पानाच्या टपरीवर पत्रक लिहिलं आणि आप्पांना वाचून दाखवायला गेलो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“मला तवाच कळलं हुतं,” ते म्हणाले. “फेटेवाल्यानं डबीकडं एकडाव बी बघितलं न्हाय. त्याचा डोळा माझ्याच तोंडावर.”

“मग थांबला का नाही तुम्ही?”

“पोराच्या डबीवर बापानं ‘बास’ म्हणायचं? तूच सांग, कसं म्हणू?” मग माझ्या हातातलं पत्रक दुमडत, “छापू नगंस, बाबा. म्हातारा फसला म्हणून गावोगाव वाचत्याल. म्या त्याच गावांत मीठ इकतो.”

मी तसा शब्द दिला आणि छापलं नाही. आप्पा ओझं डोक्यावर घेऊन पायी फिरू लागले. माकणीची वाट पहिल्यांदा सुटली, मग जवळची गावं. गुडघे गेले. मी कधी गेलो की ते ओट्यावर बसून त्या पोच्यावरून अंगठा फिरवत असायचे. ‘तू ओरडलास’ असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं.

गेल्या श्रावणात आप्पा गेले. ती डबी त्यांच्यासोबतच मातीत दिली. घरी आणायला घरात कुणी उरलं नव्हतं. निजामाचं राज्य गेलं. हर्राजवाल्याची सतरंजी मात्र दर बाजारी पडते आहे, आणि फेट्याचा रंग तेवढा बदलला आहे.

आप्पांना दिलेला शब्द मी त्यांच्या हयातीपुरता पाळला. आता हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगतो. तुमच्या गावच्या हर्राजात कुणी म्हातारं माणूस एखाद्या चिजेपुढं हात जोडताना दिसलं, तर माझ्यासारखं त्याला चेव आणू नका. मागून दुसरी बोली येताच उभे राहा आणि काठी धरणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा: हा माल कुणाचा, आणि मागं बोलणारा तो तुझा कोण? उत्तर मिळेस्तोवर खाली बसू नका.