अक्कांची चौकट आणि काळं ऑईल

मी जुनी डिझेल पिकअप घेतली, तेव्हा नशिराबादच्या आमच्या गल्लीत जो तो मिस्त्री झाला. कोणी म्हणे, म्हाताऱ्या इंजिनाला जाड ऑईल घाल. कोणी म्हणे, कूलंटचे लाड कशाला, बोअरचं पाणी आहे ना! त्या पाण्याने आमच्या बादल्यांना पांढरे थर बसतात, मग रेडिएटरचं काय होईल? मी कोणाचं ऐकलं नाही. कूलंटच घातलं आणि ऑईलही गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच.

ऐकावं लागतं ते फक्त शेजारच्या अक्कांचं. ऑईल बदललं की निघालेलं काळं ऑईल त्या घेऊन जातात आणि दाराच्या लाकडी चौकटीला फासतात, उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून. परवा डबा घेऊन दारात उभ्या.

"भाऊ, चौकटले परत उधई लागनी. बठ्ठं ऑईल मालेच दे."

"अक्का, सगळं देईन, पण बदलायला अजून महिना आहे," मी चिडून म्हणालो. त्या जागच्या हलल्या नाहीत. दरवेळचंच आहे हे. मी ऑईल काढायला गाडीखाली शिरलो.

गॅरेजवाला विचारतो, एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन इतकं मऊ कसं चालतं? त्याला काय सांगू? आमच्याकडे ऑईल बदलायची तारीख अक्कांच्या चौकटीतली उधई काढते.