गुडघ्यावरचा हात

माझ्या धाकट्या बहिणीला चालायला आम्ही शिकवलं, असं याडी सगळ्यांना सांगायची. याडी म्हणजे आई. आमच्या तांड्यात आईला तसंच म्हणतात. खरं तर चालायला ती आपली आपणच शिकली होती. दोन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय गेला. पुढे तिनंच कधीतरी शोधून काढलं, की डावा हात डाव्या गुडघ्यावर दाबून धरला की पाय मधेच दुमडत नाही. तेवढ्यावर ती अंगणभर फिरायची. आम्ही शिकवलं ते निराळंच. आम्ही तिला तो हात काढून चालायला शिकवलं.

त्यासाठी पुरं वाक्य लागायचं नाही. ‘हात’ एवढंच म्हणायचं. लग्नात याडी म्हणायची, बाजारात बा म्हणायचे आणि सगळ्यांत जास्त मी म्हणायचे. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, माझी जीभ तेव्हाही तिखट होती. ‘हात’ ऐकला की ती हात काढायची, कंबर उजवीकडे टाकायची आणि श्वास रोखून पाय पुढे झटकायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पोरगी जरा ठसक्यात चालते. आम्हाला तेवढंच हवं होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव नाही म्हणून लोक कापूस विकायचे थांबले होते आणि आमच्या दोन खोल्यांपैकी एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. त्याच दिवसांत मला बघायला दिग्रसकडचे पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि एक मावशी. मावशीच्या शब्दावर सगळं ठरणार, हे आम्हाला आधीच कळलं होतं. धाकटीला आम्ही कापसाच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. मावशीनं विचारलं तेव्हा याडीनं सांगितलं, ‘धाकटी मामाकडं शिकायला आहे.’ पाहुणे दोन तास बसले. घरात साठवलेल्या कापसात किडे होतात, ते चावून अंगाला खाज सुटते. पाहुणे गेल्यावर ती बाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत लाल झाले होते. मी नेसलेल्या साडीची घडी घालत होते. ‘खाजवू नको, डाग पडतील,’ एवढंच मी तिला म्हटलं.

त्या काळात तांड्यात जीपगाड्या कितीतरी आल्या. साहेब आले, पत्रकार आले, कापसाचे फॉर्म आले. कोणता कागद कुठं द्यायचा हे आमच्याकडं म्हाताऱ्यांनाही पाठ झालं होतं. धाकटीसाठी काही कागद असतो हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं. माहीत कसं होणार? अपंगांची यादी करायला आलेल्या अंगणवाडीच्या बाईंना आमच्या घरून ‘तसं कोणी नाही’ असंच उत्तर गेलं होतं.

ते शोधून काढलं तिनंच. आम्ही दोघी आर्णीला बाजाराला गेलो होतो. तिच्याबरोबर बाजारातून फिरणं मला नको असायचं, म्हणून मी तिला स्टँडजवळच्या एका पीसीओच्या बाकावर बसवलं आणि बांगड्या घ्यायला गेले. तो पीसीओ चालवणारा माणूस स्वतः अपंग होता, दोन्ही पायांनी. बाहेर त्याची हातानं चालवायची तीनचाकी सायकल उभी असायची. मी परत आले तर धाकटीच्या हातात एक कागद, त्यावर त्याच्या अक्षरात सगळं लिहिलेलं. यवतमाळच्या दवाखान्यात पंधरवड्यातून कोणत्या वारी तपासणी असते, कोणत्या खिडकीवर नंबर घ्यायचा, काय काय न्यायचं. तिनं त्याला सरळ विचारलं होतं, तुम्हाला हा फोन कसा मिळाला म्हणून.

तो मला म्हणाला, ‘आधी दवाखान्याचा कागद काढा ताई. चाळीस टक्के तरी अपंगत्व आलं पाहिजे. त्याच्याबिगर कुठलंच दार उघडत नाही. अमरावतीले अपंग पोरीयचं वसतिगृह आहे, शिवणकाम शिकवतात, राहणं-खाणं तिथंच. तिथंबी तोच कागद लागते.’ मग तो धाकटीकडं वळला. ‘अन् तिथं जशी आहे तशीच चाल. लाजू नको.’

अमरावती हा शब्द तिनं त्या दिवसापासून धरला तो सोडलाच नाही. फॉर्म भरायला महिनाही उरला नव्हता. रेशनकार्ड, तलाठ्याचा दाखला, सगळं तिनं बांच्या मागं लागून जमवलं. फोटो मात्र नेहमीचा चालणार नव्हता, पाय दिसेल असा पूर्ण उंचीचा हवा होता. फोटोवाल्यानं तिला सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितली तेव्हा मी दुकानाच्या दारात रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. कोणी आत येऊ नये म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

तपासणीच्या दिवशी बा आर्णीला कापसाची गाडी घेऊन खरेदीच्या रांगेत होते. तीन दिवस झाले तरी नंबर लागला नव्हता. याडी वेचणीला. म्हणून मला जावं लागलं. जावं लागलं असंच मी घरात म्हणत होते, तिच्या देखत.

यवतमाळला आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. त्यामुळे स्टँडपासून दवाखान्यापर्यंत ती गुडघ्यावर हात ठेवून चालली आणि मी काही बोलले नाही. व्हरांड्यात खूप माणसं होती. कोणी आईच्या कडेवर, कोणी काठीवर, एक म्हातारा मुलाच्या पाठीवर. आमचा नंबर जवळ आला आणि मला दोन दारांपलीकडं, डोळ्यांच्या तपासणीच्या बाकावर, दिग्रसची मावशी दिसली. त्यांच्याकडून होकार-नकार अजून यायचा होता.

‘हात,’ मी म्हटलं. ‘ती बघ, दिग्रसची मावशी.’

धाकटीनं हात काढला. तेवढ्यात शिपायानं आमचा नंबर पुकारला.

आत डॉक्टर थकलेले होते, पण बोलायला बरे होते. ‘त्या दारापर्यंत जाऊन ये,’ ते म्हणाले. ती गेली आणि आली. इतकी चांगली ती आयुष्यात कधी चालली नव्हती. मावशी बाहेर आहे आणि दाराला नुसता पडदा आहे, हे तिच्या ध्यानात होतं. डॉक्टर म्हणाले, ‘चांगली चालतेस की. पाय बघतो, पण टक्के कमीच येतील.’ पुढची तपासणी पंधरा दिवसांनी होती आणि अमरावतीचा फॉर्म आठ दिवसांत द्यायचा होता. धाकटी खाली बघत उभी राहिली.

मग मी बोलले. ‘डॉक्टरसाहेब, ती खोटं चालून राह्यली.’

नर्स हसली. पडद्याजवळ उभे असलेलेही हसले. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता तिला विचारलं, ‘खोटं म्हणजे कसं?’

‘लोकायसमोर असं चालाव लागते,’ ती म्हणाली.

‘आणि घरी?’

‘घरी गुडघ्यावर हात धरून.’

‘आणि घरी कोणी नसलं तर?’

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. ‘कोणी नसलं तं बसून सरकाव लागते. हात धरून चाललं तरी कंबर लई धरते.’

मला हे माहीत नव्हतं. दोन खोल्यांचं घर आमचं, आणि मला माहीत नव्हतं. वेचणीच्या दिवसांत आम्ही सगळे सकाळीच शेतात जायचो, घर तिच्यावर असायचं. भाकरी, झाडणं, भांडी, सगळं ती जमिनीवर सरकत करत होती, आणि आमचे आवाज वाटेवर आले की उभी राहत होती. पायाला नव्हे, आम्हाला ती भीत होती. त्या खोलीत उभ्या उभ्या मला हे समजलं.

‘दाखव बरं,’ डॉक्टर म्हणाले. धाकटीनं ओढणी कमरेला बांधली आणि ती फरशीवर बसली. तिनं दोन्ही तळवे जमिनीला टेकले. मी ‘झेरॉक्स काढून आणते’ म्हटलं आणि बाहेर पडले. सगळ्या झेरॉक्स दोन-दोन प्रती करून माझ्या पिशवीतच होत्या.

बाहेर मावशी समोरच उभी. तिनं मला ओळखलं. ‘तू इथं काहून वं?’

‘तांड्यातली एक पोरगी आहे,’ मी म्हटलं. ‘तिले घेऊन आली. तिच्यासोबत यायले कोणी नव्हतं.’

‘कोणाची पोरगी?’

‘आहे एका गरिबाची.’

हे मी हळू आवाजात बोलले नाही. मावशीला नीट ऐकू जावं असं बोलले. मावशीनं मान हलवली. चांगल्या मनाची आहेस, अशा अर्थानं तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला.

थोड्या वेळानं आतून कारकुनाचा आवाज आला. ‘हिच्यासोबत नातेवाईक कोण आहे? सही पाहिजे.’

मी जागची हलले नाही. पडद्यामागून धाकटीचा आवाज आला, मोठा आणि स्वच्छ. ‘नातेवाईक नाही, साहेब. तांड्यातली ताई आहे सोबत.’

कारकुनानं पडदा सारला. ‘तुम्हीच का? या, इथं सही करा.’ मी आत जाऊन सही केली. त्यानं ती वाचली, मग वरचं तिचं नाव वाचलं. ‘आडनाव तं एकच दिसते.’

माझ्याआधी तीच बोलली. ‘आमच्या तांड्यात सगळ्यायचं एकच आडनाव आहे.’

‘खरं आहे,’ मागून मावशी म्हणाली, ‘आमच्याकडंबी तसंच आहे.’

सहीपुढं नात्याचा रकाना होता. मी त्यात ‘शेजारी’ असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, ते तिथंही चांगलंच आलं.

टक्के चाळीसच्या वर आले. धाकटी अमरावतीला गेली, शिकली, आज तिचं शिवणाचं दुकान आहे आणि ती हात गुडघ्यावर ठेवूनच चालते. दिग्रसचं स्थळ काही जमलं नाही, भलत्याच कारणावरून मोडलं. म्हणजे मी जे केलं त्याचा मला फायदाही झाला नाही. झाला असता तरी आज लिहिताना एवढीच लाज वाटली असती का, हे मला सांगता येत नाही, आणि त्याचीही लाज वाटते.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, कागद घडी न घालता मांडीवर धरून. मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. ती आता काहीतरी बोलेल, रडेल, घरी सांगेल, याची मला धास्ती होती. आर्णी यायला थोडा वेळ होता तेव्हा तिनं माझ्या कोपराला हात लावला आणि कोणाला कळू नये म्हणून आमच्या बोलीत हळूच विचारलं,

‘ताई, मावशीसमोर मी बरोबर सांगितलं ना?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘बरोबर सांगितलंस.’