तिसऱ्या अल्बममधली खडखड

रेकॉर्डच्या कारखान्यात ताईंचं काम ऐकण्याचं. नव्या साच्यातून निघालेला पहिला नमुना हेडफोन लावून तपासायचा. नियम एकच: गाणं ऐकायचं नाही, खोट ऐकायची. गाण्यात जीव अडकला की खोट निसटते. "आमच्या ताईंच्या कानातून डासही सुटत नाही," फोरमन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

धाकट्या भावाचा प्रोग्रेसिव्ह रॉकचा बँड होता. एकेक गाणं एवढं लांब, की ते संपेपर्यंत चहा होऊन कपबशाही धुवून व्हाव्यात. पहिला अल्बम देशाच्या चार्टवर कसाबसा एकोणचाळिसावा आला, दुसरा थेट बारावा. तिसरा पहिल्या दहांत जाणार, असं जो तो म्हणत होता.

त्या तिसऱ्याचा नमुना ताईंपुढे आला. भावाचा, म्हणून त्यांनी कानांत प्राण आणून तपासला. मधल्या संथ जागेत अचानक खडखड सुरू झाली. ताईंनी काम थांबवलं, नवा साचा मागवला. नव्यातही तीच. स्टुडिओत विचारून उलगडा होईपर्यंत दुकानं रिकामी राहिली. चार्ट चालतो विक्रीवर. सुरुवातीला बुडालेला अल्बम मग वर आलाच नाही.

ती खडखड आईच्या शिवणयंत्राची होती. भावाने हौसेने टेप केलेली. त्याच आवाजावर दोघं लहानाची मोठी झाली होती.

"तुमच्यातल्या कुणा बहिऱ्याने अडवलं म्हणे," भाऊ जेवताना म्हणाला. "सापडला तर कान पिळ त्याचे." तपासायला ताईच बसतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ताई हसल्या. त्याच्या पानात त्यांनी आणखी एक पोळी वाढली.

चौथ्याच्या वेळी तो म्हणाला, "ताई, यातही आईचं मशीन घेतलं होतं. काढून टाकतोय. अख्ख्या कारखान्याला बिघाड वाटला, तिथे लोकांचं काय!"

अख्खा कारखाना म्हणजे एक खुर्ची आणि दोन कान. "तुला पटेल ते कर," ताई म्हणाल्या.

चौथा अल्बम चार्टवर सातवा आला. भाऊ घरभर नाचला. मागणी वाढली, नवा साचा बनला, त्याचा नमुना ताईंपुढे आला. त्या दिवशी त्यांनी नियम मोडून गाणं ऐकलं. मशीनच्या जागी स्वच्छ शांतता होती. त्यांनी सुई मागे नेली, पुन्हा ऐकलं.

"काही सापडलं?" फोरमनने विचारलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "काहीच नाही."

आणि त्यांनी पसंतीचा शिक्का मारला.