गोधडीतला पेशंट

आता काय सांगू तुम्हाला, हा किस्सा मी जन्मभर लपवला असता. पण कर्जतमध्ये तो माझ्याआधीच सगळ्यांना पाठ झालाय. तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. निदान तिखटमीठ तरी माझ्या हातचं असेल.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. माझं डीटीपीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. भानुदासअण्णांच्या मुलीची लग्नपत्रिका त्या कॉम्प्युटरमध्ये तयार होती. भावकीतली त्रेपन्न नावं. कुणाचं वर, कुणाचं खाली, यावर तीन दिवस भांडणं झाली आणि शेवटी माझ्या स्क्रीनसमोर तह झाला. मूळ कागद? तो मुलीच्या धाकट्या चुलत्याने रागाच्या भरात फाडला होता.

आणि छपाईच्या आदल्या दिवशी मला काय अवदसा आठवली? मित्राकडून आणलेली नवी सिस्टीम भरायला घेतली. एकामागून एक तेरा फ्लॉप्या घातल्या, काम झाल्यावर कॉम्प्युटर बंद केला आणि ऐटीत घरी गेलो.

सकाळी अण्णा दुकानात हजर. कॉम्प्युटर चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी. ही सिस्टीमची डिस्क नाही, बदला आणि कुठलंही बटण दाबा.

मी सगळी बटणं दाबली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. अण्णांनीही अंगठ्याने दोन दाबून पाहिली.

"काय म्हनतंय त्ये?"

"अण्णा, आतली डिस्क गेली. बदला म्हणतंय."

"आन् पत्रिका?"

"ती त्या डिस्कवरच आहे."

अण्णा मटकन खाली बसले. "पुन्हा बैठक बसवली, तर लगीन ऱ्हाईल बाजूला आन् डोकी फुटतील. माझ्या पोरीनं काय करायचं?"

मला खरंच भरून आलं. घरून गोधडी आणली, कॉम्प्युटरचा डबा तिच्यात गुंडाळला आणि आम्ही नगरची एसटी धरली. डबा अण्णांच्या मांडीवर. खड्डा आला की ते त्याला छातीशी धरायचे.

कंडक्टरने हळूच विचारलं, "लेकराला काय झालंय?"

"पोटाचं हाय," अण्णा म्हणाले.

झालं. कंडक्टरने आम्हाला पुढच्या सीटवर बसवलं. एका म्हातारीने पिशवीतून ओवा काढून दिला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नगरच्या दुरुस्तीवाल्याने गोधडी सोडली, डबा जोडला, त्या दोन ओळी वाचल्या आणि डब्याच्या पुढच्या फटीखालचं एक बारीक बटण दाबलं. टक् आवाज झाला आणि काल आतच राहिलेली माझी तेरावी फ्लॉपी बाहेर आली. कॉम्प्युटर आतली डिस्क सोडून तिलाच वाचत बसला होता. मग कॉम्प्युटर मुकाट्याने चालू झाला. पत्रिका होती, त्रेपन्नच्या त्रेपन्न नावं जागेवर होती.

अण्णांनी डोळे पुसले. "ही कुनी घातली त्याच्या पोटात?"

सगळी बटणं दाबली होती हो मी. तेवढं एक राहिलं.

"मीच," मी म्हणालो.

परतीच्या वाटेत अण्णा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं.

लग्नात मी पंगतीला बसलो. वाढपी माझ्या पानात बुंदीचा दुसरा डाव टाकणार, तेवढ्यात अण्णांनी त्याचा हात धरला आणि अख्ख्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ह्यांना जरा बेतानं वाढ रं. पोटात काय अडाकलं, तर गोधडीत गुंडाळून नगरला मलाच न्यावं लागंल."