डावीकडची जागा
सोनेरी स्प्रेचा वास आला की मला गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीतला गणपतीचा तो देखावा आठवतो. मी फौजेतून निवृत्त झालेला, म्हणून मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावलं, "काका, बघा बरं काही चुकलंय का." थर्माकोलच्या डोंगरावर एक जवान पोटावर पडलेला, पुढ्यात लाइट मशीनगन. दुर्बीण, लेसर, टॉर्च, नेटवर दिसलं ते सगळं तिच्यावर चिकटवलेलं आणि वरून सोनेरी रंग, नवरदेवाच्या तलवारीसारखा. गनला टेकवायचे पुढचे दोन पाय मात्र गायब. मी म्हटलं, पाय टेकलेले नसले तर फायर करताना गनचं तोंड वर उडतं. शिवाय ही गन एकट्याची नसते. गोळ्यांचा पट्टा डावीकडून आत जातो, नळी तापून लाल होते, ती हँडलला धरून काढायला आणि दुसरी चढवायला डावीकडे एक माणूस लागतो. तो कुठंय? "होता की पुतळा," अध्यक्ष म्हणाले, "पण बिल्डरसाहेबांचा फ्लेक्स झाकला जायचा. पाय तर त्यांच्या मोबाईल नंबरवरच येत होते. एवढं कोण बघतंय, काका?" खरंच कोणी बघितलं नाही. त्या खेळण्याला वास्तववादी देखाव्याचं पहिलं बक्षीस मिळालं आणि अध्यक्षांनी ते छाती फुगवून घेतलं. त्या देखाव्याचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर आजही फिरतो. सीमेवर माझ्या डावीकडे जो असायचा आणि जो परत आलाच नाही, त्याच्या जागी त्यात फ्लेक्सवरचा बिल्डर हात जोडून हसतोय.